वाचवायचे कोणाला, हे आधी ठरवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेअर बाजार चार दिवस सलग घसरला की 'सरकारने हस्तक्षेप करावा' अशी मागणी वृत्तपत्रांतून सुरू होते आणि एखादी बँक अडचणीत आली की 'सरकार ठेवीदारांच्या पाठीशी आहे' असे आश्वासन छापून येते. या दोन ठिकाणी सरकारकडून मागितलेल्या गोष्टी अगदी वेगवेगळ्या आहेत, परंतु आपल्या सार्वजनिक चर्चेत दोन्ही 'मदत' या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. मी सांगलीच्या हळद बाजारात एका अडतीवर चौतीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. जमा आणि नावे लिहिण्यात आयुष्य गेल्यामुळे, सरकारने अमुक संस्था वाचवली असे कोणी म्हटले की ती रक्कम शेवटी कोणाच्या नावे पडली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या शोधातून जे हाती लागले ते थोडे विस्ताराने लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

सुरुवात आपल्याच भागातून करतो. साताऱ्यात १९३६ साली स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक ही या पट्ट्यातील व्यापाऱ्यांची घरची बँक होती. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि महिनाभरातच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ती आयडीबीआय बँकेत विलीन करण्यात आली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये मिळाले आणि ठेवीदारांचा पैसा शाबूत राहिला. आमच्या पेठेत त्या आठवड्यात सगळ्यांच्या जिवात जीव आला, आणि 'सरकारी बँकेने घेतली, आता घोर मिटला' हेच जो तो म्हणत होता. बारा वर्षांनी तीच आयडीबीआय बँक थकीत कर्जांनी बेजार झाली आणि तिला सावरण्यासाठी आयुर्विमा महामंडळाने जवळपास २१ हजार कोटी रुपये घालून जानेवारी २०१९ मध्ये तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकार आणि महामंडळ यांनी मिळून आणखी ९ हजार ३०० कोटी रुपये देण्याचे ठरवले. आयडीबीआयचे नुकसान साताऱ्याच्या बँकेमुळे झाले असे मी मुळीच म्हणत नाही. ते मुख्यतः मोठ्या उद्योगांना दिलेल्या कर्जांमुळे झाले. पण ज्या भक्कम खांद्यावर आपण आपले ओझे ठेवले, तो खांदाही पुढे दुसऱ्याच्या खांद्यावर टेकला, आणि तो दुसरा खांदा म्हणजे कोट्यवधी विमाधारकांचे हप्ते होते, एवढे ध्यानात यावे. आमच्या अडतीवरचे हमाल आयुर्विम्याचा हप्ता भरायला माझ्याकडूनच उचल घेत असत. आपल्या हप्त्यातून एका बँकेचे भांडवल उभे राहते आहे, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

आमच्या सांगली बँकेचा प्रकार निराळा होता. १९१६ साली सुरू झालेली ही बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली ती शेअरच्या बदल्यात शेअर देऊन. तिच्या ९२५ शेअरना त्या बँकेचे १०० शेअर मिळाले. गावाचे नाव असलेली बँक गेली याचे दुःख आजही जुन्या माणसांना आहे, मलाही आहे. परंतु त्या व्यवहारात सरकारी तिजोरीतून पैसा गेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

बुडालेला पैसा सरकारच्या हुकमाने नाहीसा होत नाही, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. सरकार तो एका खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यात टाकू शकते, आजच्या तारखेतून उचलून पुढच्या पिढीच्या तारखेत टाकू शकते, किंवा थोड्यांच्या नावावरून काढून सर्वांच्या नावावर थोडा थोडा वाटू शकते. ही सत्ता लहान नाही आणि ती योग्य वेळी वापरलीच पाहिजे. मात्र त्या पलीकडे सरकारचा हात पोहोचत नाही, आणि पोहोचतो असे भासवले की त्याची किंमत सगळ्यात शेवटी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते.

याचा अनुभव आमच्या घरात युनिट ट्रस्टने, म्हणजे लोकांचे पैसे एकत्र करून शेअर-रोख्यांत गुंतवणाऱ्या यूटीआयने, दिला. माझे थोरले बंधू एस.टी. महामंडळातून १९९६ साली निवृत्त झाले आणि त्यांनी ग्रॅच्युइटीतून यूएस ६४ योजनेची ८ हजार युनिट घेतली. खरेदीचा भाव सरासरी १५ रुपयांच्या घरात होता. ही योजना १९६४ सालची, लोकांच्या मनात ती बँकेच्या मुदत ठेवीसारखीच, आणि एजंट सांगे की दादा, ही सरकारचीच आहे. खरे पाहता मूळ रक्कम सरकार परत देईल अशी हमी कायद्यात कोठेही नव्हती. १९९८ मध्ये योजनेची राखीव गंगाजळी उणे झाल्याची बातमी फुटली तेव्हा लोक पैसे काढायला धावले. सरकारने दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९९९ मध्ये योजनेकडचे सार्वजनिक कंपन्यांचे शेअर बाजारभावाने न घेता पुस्तकी, म्हणजे वहीत नोंदलेल्या चढ्या किमतीने आपल्याकडे वर्ग करून घेतले. या दोन किमतींतील सुमारे ३ हजार ३०० कोटी रुपयांचा फरक सरकारने सोसला. माझ्या बंधूंनी तेव्हा मला सांगितले, बघ, सरकार सोडत नाही. मीही मान डोलावली.

त्या पहिल्या मदतीने योजनेचे दुखणे बरे झाले नाही, फक्त ताप उतरला. युनिटचा खरेदी-विक्रीचा भाव योजनेच्या खऱ्या मालमत्तेवरून ठरत नव्हता, तो वरून जाहीर होत होता, आणि तसाच होत राहिला. उलट त्यानंतरच्या तेजीत योजनेचा पैसा माहिती-तंत्रज्ञान आणि दूरसंचार कंपन्यांच्या चढ्या भावाच्या शेअरमध्ये गेला. २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपले हजारो कोटी रुपये १४ रुपयांहून अधिक भावाने काढून घेतले, आणि २ जुलै २००१ रोजी सामान्य युनिटधारकांसाठी खरेदी-विक्री सहा महिने बंद झाली. पुढे डिसेंबरअखेर योजनेचे खरे मूल्य जाहीर झाले तेव्हा ते युनिटमागे ६ रुपयांच्याही खाली निघाले. म्हणजे ज्यांना आतली कुणकुण होती त्यांना चौदा रुपये मिळाले आणि ती उणीव मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आली. सरकारला पुन्हा धावावे लागले. मे २००३ मध्ये पहिल्या ५ हजार युनिटांना १२ रुपये आणि त्यावरच्यांना १० रुपये देण्यात आले, रोख किंवा पावणेसात टक्के व्याजाचे करमुक्त रोखे. बंधूंना एकूण ९० हजार रुपये मिळाले. त्यांनी घातले होते सुमारे १ लाख २० हजार. आपण वाचलो असे ते म्हणत, आणि बाजारभावाशी ताडून पाहिले तर ते खरेही होते. त्या वेळी सरकारकडे आलेल्या आयटीसी, लार्सन अँड टुब्रो, अ‍ॅक्सिस बँक यांच्या शेअरमधून सरकारला पुढील वर्षांत चांगली रक्कम मिळाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीसुद्धा माझा प्रश्न उरतो. १९९८ सालीच भाव खऱ्या मूल्यावर आणला असता तर कंपन्यांना चौदा रुपयांनी बाहेर पडता आले असते का? पहिल्या मदतीने रोग झाकला आणि दुसऱ्या मदतीची खात्रीही दिली.

आता भावाचा विषय. बाजाराचा भाव सरकारने धरून ठेवावा ही मागणी मला सगळ्यात धोक्याची वाटते, आणि हे मी हळदीच्या सौद्यात उभा राहून शिकलो आहे. सौद्याच्या वेळी पोती उघडतात, खरेदीदार हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग पाहतो, नाकाशी नेतो आणि मग भाव बोलतो. शेतकऱ्याला तो भाव पटला नाही तर तो माल देत नाही आणि पोती पुन्हा शिवली जातात. भाव हा या दोघांच्या होकाराने ठरतो. उद्या कोणी फलकावर लिहिले की अमुक रकमेखाली बोली लावायची नाही, तर खरेदीदार भांडत बसत नाही. तो सौद्याला येतच नाही. पोती तशीच राहतात, आणि ज्याला आज पैशांची नड आहे तोच सगळ्यात जास्त अडतो.

शेअर बाजारातही नेमके असेच घडल्याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. ऑगस्ट २००८ मध्ये कराचीच्या शेअर बाजाराने निर्देशांक ९ हजार १४४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही असे ठरवले. निर्देशांक खरोखर खाली गेला नाही, कारण व्यवहारच जवळजवळ थांबले. साडेतीन महिने लोकांचे पैसे अडकून पडले आणि डिसेंबरच्या मध्यावर बंधन उठवले तेव्हा अडवलेली घसरण एकदम कोसळली. चीनने २०१५ च्या उन्हाळ्यात सरकारी संस्थांकडून मोठ्या प्रमाणावर शेअर खरेदी करवली. जूनमध्ये ५ हजारांच्या वर असलेला शांघाय निर्देशांक तरीही ऑगस्टच्या अखेरीस ३ हजारांच्या खाली गेला. याच्या उलट हाँगकाँगच्या सरकारने ऑगस्ट १९९८ मध्ये दोन आठवड्यांत सुमारे १५ अब्ज अमेरिकी डॉलरचे शेअर घेतले, सट्टेवाल्यांना परतवले आणि पुढे ते शेअर नफ्यात विकले. हे उदाहरण मी लपवून ठेवत नाही. परंतु ते सरकार प्रचंड गंगाजळीवर बसले होते, तेथील बँका सुदृढ होत्या आणि त्या शेअरमध्ये मुळात मोल होते. सुक्या विहिरीत पोहरा सोडून पाणी येत नाही.

स्वीडनचे १९९२ हे वर्ष तर या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने समोर ठेवावे असे आहे, कारण सरकारला काय जमते आणि काय जमत नाही हे एकाच देशात, एकाच वर्षात दिसते. आपल्या चलनाचा ठरवलेला भाव टिकवण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेने सप्टेंबरमध्ये अल्पमुदतीचा व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. पाचशे टक्के! आपल्या खेड्यातल्या सावकारालाही लाज वाटेल असा हा दर एका सार्वभौम देशाने लावला, तरीही १९ नोव्हेंबरला चलनाचा भाव सोडून द्यावा लागला. त्याच सरकारने बँकांच्या ठेवीदारांना आणि धनकोंना हमी दिली, कोलमडलेल्या बँका ताब्यात घेतल्या आणि बुडीत कर्जे वेगळी काढून त्यांची वसुली केली, आणि ते काम मात्र तडीस गेले. ठेवीची हमी हे सरकारने आपल्या नागरिकाला दिलेले वचन असते आणि ते पाळणे त्याच्या हातात असते. भाव हे इतर सर्वांचे मत असते, आणि ते कोणत्याही सरकारच्या हातात नसते.

मात्र वचनालाही ऐपतीची मर्यादा आहे. आयर्लंडच्या सरकारने ३० सप्टेंबर २००८ रोजी, एका रात्रीच्या चर्चेनंतर, आपल्या बँकांच्या ठेवी आणि बहुतेक कर्जरोखे या सर्वांचीच हमी घेतली. ती रक्कम ४०० अब्ज युरोंच्या वर जात होती आणि त्या देशाचे वर्षाचे एकूण उत्पन्न त्याच्या निम्मेही नव्हते. बँकांमधील खड्डा वाटला त्याहून कितीतरी खोल निघाला. २०१० मध्ये त्या सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३२ टक्के झाली आणि नोव्हेंबरमध्ये त्या देशालाच युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ८५ अब्ज युरोंच्या मदत-योजनेचा आधार घ्यावा लागला. जामीन राहणाऱ्याने आपली सात-बाराची खाती आधी पाहायची असतात, हे आपल्याकडे विकास सोसायटीचे कर्ज उचलणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. आयर्लंडमध्ये लहान ठेवीदार आणि बँकेला चढ्या व्याजाच्या आशेने पैसे देणारे मोठे गुंतवणूकदार यांना एकाच छत्राखाली घेतले गेले आणि त्या दुसऱ्या वर्गाचे ओझे शिक्षक, परिचारिका आणि निवृत्तिवेतनधारक यांच्यावर आले.

अमेरिकेबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देण्यात आले. एकाला बुडू दिले आणि दुसऱ्याला तारले, यामागे आधी जाहीर केलेला कोणताही नियम नव्हता, आणि बाजारात जो हाहाकार माजला त्याला ही अनिश्चितताही कारणीभूत होती. अडचणीतल्या बँकांना सावरण्यासाठीचे ७०० अब्ज डॉलरचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २९ सप्टेंबरला फेटाळले तेव्हा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी पडला आणि चार दिवसांत तेच विधेयक थोड्या बदलांसह संमत झाले. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा निर्णय बाजाराच्या धाकाने फिरला, याचे मला आजही वाईट वाटते. बँकांना दिलेली रक्कम पुढे व्याजासह परत आली, म्हणून ती योजना यशस्वी ठरली असे काही जाणकार सांगतात आणि हिशेबाच्या वहीपुरते ते बरोबरही आहे. पण घराचे हप्ते थकल्याने ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी तेवढी तातडी दिसली नाही, आणि मार्च २००९ मध्ये त्याच एआयजीने १६५ दशलक्ष डॉलरचे बोनस वाटले. वहीत जमा-खर्चाचा मेळ बसला म्हणून न्याय झाला असे होत नाही.

आता पुन्हा सांगलीला येतो. काही वर्षांपूर्वी, ठेव विम्याची मर्यादा १ लाख रुपये होती त्या काळात, आमच्या जिल्ह्यातील एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सकाळी सातलाच पायऱ्यांवर माणसे बसलेली होती. अर्ध्या उघडलेल्या शटरवर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-अ चा उल्लेख असलेला इंग्रजी कागद चिकटवलेला होता आणि माझ्या हातात पिशवी व डोळ्यांवर चष्मा पाहून बायाबापड्या मला विचारत होत्या की भाऊ, यात पैसे बुडाले असे लिहिले आहे का. आमच्या अडतीवरचा एक हमाल मुदत ठेवीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बंडीच्या आतल्या खिशात ठेवून आला होता. मुलीच्या लग्नासाठीचे ६० हजार रुपये होते. पावसाने भिजू नये म्हणून त्याने पिशवीच्या तोंडाला दोरा बांधला होता. तो दोरा सोडायला त्याला बराच वेळ लागला, कारण हात थरथरत होते. मी त्या दिवसांत पन्नासहून अधिक लोकांचे दाव्याचे अर्ज भरून दिले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे विम्याची रक्कम बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमल्यावरच मिळत असे, त्यामुळे हमालाचे पैसे आले तेव्हा मुलीचे लग्न उसन्या पैशांवर होऊन गेले होते. माझी स्वतःची ठेव २ लाख ४० हजारांची होती. १ लाख विम्यातून आले. उरलेल्यासाठी मी अवसायकाच्या कार्यालयात अजूनही वर्षातून एकदा जातो.

या अनुभवामुळे पुढील दोन घटनांची तुलना मला बोचते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. ती बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतचे टप्पे ठरले. येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले, स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातले आणि १८ मार्चला व्यवहार पूर्ववत झाले. एकीकडे सव्वादोन वर्षांहून अधिक काळ आणि दुसरीकडे तेरा दिवस. येस बँक मोठी होती, तिच्या पडण्याने इतर बँकाही हादरल्या असत्या, हे कारण मला कळते. त्या प्रकरणात ८ हजार ४१५ कोटींचे जोखमीचे रोखे शून्यावर आणले गेले आणि त्याचा वाद न्यायालयात गेला. ज्याने जास्त व्याजाच्या बदल्यात जोखीम घेतली त्याने आधी सोसावे, हे त्यामागील तत्त्व मला मान्य आहे, मात्र त्या रोख्यांना 'ठेवीसारखेच' म्हणून वृद्धांच्या गळ्यात मारणाऱ्यांवर कठोर कारवाई व्हायला हवी होती. परंतु ठेवीदार तो ठेवीदारच. आपली बँक किती मोठी आहे यावर त्याच्या पैशाची वाट तेरा दिवसांची की तेरा वर्षांची हे ठरणार असेल, तर लोक चांगली बँक शोधणार नाहीत, मोठी बँक शोधतील.

म्हणूनच मर्यादा आधी लिहून ठेवण्याचा माझा आग्रह आहे. आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. दत्तनगर आणि सूर्यवंशी प्लॉटमधली माणसे त्या आकड्यांवरून सामान वर चढवायचे की घर सोडायचे ते ठरवतात. २००५ आणि २०१९ च्या पुरांत प्रशासन पाणी अडवू शकले नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. आकडा खरा सांगावा आणि होडी वेळेवर पाठवावी, एवढीच अपेक्षा होती आणि जेथे ती पुरी झाली नाही तेथे लोक संतापले. वित्तसंस्थांच्या बाबतीत ठेव विमा हा असा आगाऊ लिहिलेला आकडा आहे. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर देशात ही व्यवस्था आली आणि १ जानेवारी १९६२ पासून १५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा मिळाला. १९९३ मध्ये मर्यादा १ लाख झाली आणि मग सत्तावीस वर्षे ती जागची हलली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली आणि २०२१ च्या कायदादुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत रक्कम देण्याचे बंधन आले. ही दुरुस्ती आधी असती तर त्या हमालाला उसनवारी करावी लागली नसती. या विम्याचा हप्ता बँका भरतात, करदात्याच्या खिशातून तो थेट जात नाही. वचन स्पष्ट, रक्कम ठरलेली, पैशाची सोय आधी केलेली आणि मुदत कायद्यात लिहिलेली, म्हणून ही सरकारची मदत मला सर्वांत सचोटीची वाटते.

या चौकटीबाहेरची प्रत्येक मदत संसदेत किंवा विधिमंडळात मांडावी, कोणाचे किती बुडते आहे आणि ते कोणाच्या नावे टाकले जात आहे याचा तक्ता तिच्यासोबत जोडावा, आणि मालकांचे भांडवल व संचालकांची मालमत्ता आधी वापरल्याशिवाय लोकांच्या पैशाला हात लावू नये. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करता येते. ती निश्चित होते, मग अपील होते, स्थगिती येते आणि संबंधित मंडळी दरम्यान दुसऱ्या संस्थेच्या निवडणुकीला उभी राहतात. सार्वजनिक बँकांच्या फेरभांडवलासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये २ लाख ११ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, तेव्हा ज्यांनी ही कर्जे मंजूर केली त्यांच्याकडून काय वसूल झाले याचा तक्ता सामान्य माणसाला सहज सापडेल अशा जागी दिसला नाही. हळदीचा भाव २०१० मध्ये शिखरावर होता आणि दोन वर्षांत एक तृतीयांशाच्या आसपास आला. हळद हमीभावाच्या यादीतही नाही. त्या वर्षी आमच्या अडतीवर कित्येक शेतकऱ्यांची पट्टी उचलीपेक्षा कमी निघाली, म्हणजे वर्षभर राबून माल विकल्यावर ते आमचे देणे लागत होते. त्यांनी ते पुढच्या हंगामात फेडले. त्यांच्यासाठी रात्री बैठक बसली नाही. या माणसांकडे पाहून मी म्हणतो की जोखीम घेणाऱ्या मालकाने आपला तोटा स्वतः सोसावा ही अपेक्षा निर्दय नाही.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही आणि ते सहकार खात्याने आपल्या दैनिकाच्या माध्यमातून द्यावे अशी विनंती आहे. बाजारातील नवी पोरे मला अजूनही विचारतात की काका, पैसे कोठे ठेवू. मी सांगतो, एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या वर जाऊ देऊ नको आणि विमा असलेल्या बँकांची यादी पाहून घे. त्यांतील निम्मी पोरे म्हणतात की आमचे पैसे तर पतसंस्थेत आहेत, तिथला माणूस रोज संध्याकाळी गाळ्यावर येऊन पिग्मी घेऊन जातो, बँकेत जायला आम्हाला वेळ कोठे आहे. पतसंस्थेतील ठेवीला केंद्राच्या ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत हमाल, भाजीवाल्या, रिक्षावाले यांची बचत मोठ्या प्रमाणावर तेथेच आहे, आणि संस्थेच्या पाटीवर नोंदणी क्रमांकाखाली 'शासनमान्य' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. उद्या त्यांतील एखादी संस्था अडचणीत आली, तर या पोराला किती रुपये, किती दिवसांत आणि कोणाकडून मिळतील, हे खात्याने एका ओळीत लिहून ती ओळ त्या पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत लावण्याची सक्ती करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त दिवाणजी
गणपती पेठ, सांगली